आमच्या अ‍ॅशचं सलाईन

आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा दारातल्या झाडाचं नाव तिनं विचारलं आणि मी म्हटलं अ‍ॅश, तर म्हणाली, "म्हणजे राख? झाडाला कोणी राख नाव ठेवतं का गो?" मला काही उत्तर देता येईना. नंतर शोधलं तेव्हा कळलं की हा अ‍ॅश वेगळा आणि तो अ‍ॅश वेगळा, जुन्या इंग्रजीत झाडाचा आणि भाल्याचा शब्द एकच होता, कारण भाल्याचे दांडे याच लाकडाचे करायचे. राखेशी काही संबंध नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं बाई, दारात राख नको. बाबा मात्र त्याला अजूनही राखेचं झाडच म्हणतात, मुद्दाम.

आम्ही राहतो अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, मॅडिसनला. हे घर २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बघितलं आणि खरं सांगायचं तर घर बघितलंच नाही, झाड बघितलं. नवरा तळघरातली ओल, घर तापवायचा फर्नेस किती जुना, छप्पर कधी बदललं असलं सगळं विचारत होता आणि मी बाहेर उभी. रंग कसा सांगू, लाल नाही, मेपल लाल होतो तसा भडक तर अजिबात नाही. कोकमाची सालं उन्हात घालतात ना, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जशी काळपट जांभळट लाल होतात, तसा. आणि फांद्यांच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथली पानं पिवळी, त्यामुळे लांबून झाड आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं. घराची किंमत करताना मी एक शब्द बोलले नाही, बोलले असते तर एजंटला कळलं असतं की ही बाई कितीही देईल.

जातीचं नाव व्हाइट अ‍ॅश, शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस अमेरिकाना, इथलंच देशी झाड. आमचं आहे ते त्यातलं ऑटम पर्पल नावाचं निवडक वाण आणि गंमत म्हणजे ते सापडलं इथेच, मॅडिसनच्या विद्यापीठाच्या आवारात. कोणाला तरी एका झाडाचा रंग वेगळा दिसला, त्याची कलमं केली, आणि मग ते देशभर गेलं. म्हणजे आमचं झाड अगदी माहेरीच आहे. अ‍ॅशमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, पपईसारखं. ऑटम पर्पल सगळे नर, म्हणून त्याला बी धरत नाही आणि लॉनवर कचरा पडत नाही, इकडच्या लोकांना तेवढं पुरतं.

हे नर प्रकरण मला माहीत नव्हतं म्हणून पहिल्याच हिवाळ्यात माझी फजिती झाली. पानं गेल्यावर बघते तर फांद्यांना काळपट तपकिरी गुच्छ लटकलेले, वाळलेल्या फुलकोबीचे तुरे असावेत तसे, शेकड्यानं. मला वाटलं झालं, रोग लागला, घर घेतलं आणि झाड गेलं. फोटो काढून एका झाडकापू कंपनीला पाठवले, तर त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी हजर, वर बघितलं, मान हलवली, आणि कापायचा दीड हजार डॉलरचा आकडा देऊन गेला. नशीब की त्या आठवड्यात बर्फ पडलं आणि आम्ही विषय पुढे ढकलला. मग दुसरा एक आर्बोरिस्ट म्हणजे झाडांचा जाणकार आला, पन्नाशीचा, कमी बोलणारा, त्यानं एक गुच्छ तोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला हे नर फुलांवरचं माइटचं काम आहे. वसंतात फुलं येतात तेव्हा हा डोळ्यालाही न दिसणारा किडा त्यात शिरतो, फुलाची गाठ होते, ती सुकून वर्षभर लटकत राहते. झाडाला काही होत नाही, फक्त दिसतं घाणेरडं. फवारणी नको, काही नको. त्याचे पैसेही त्यानं घेतले नाहीत. तेव्हापासून हाच माणूस आमच्या झाडाचा डॉक्टर.

तर आईची गोष्ट सांगत होते. ती मे महिन्यात आलेली, इथल्या आर्बोरेटममधले म्हणजे वृक्षबागेतले जांभळ्या फुलांचे लायलॅक तेव्हा फुललेले असतात, भलं मोठं कलेक्शन आहे, सगळं गाव तिकडे वास घ्यायला जातं. आम्हीही गेलो. घरी आल्यावर ती चहाचा कप घेऊन अंगणात गेली आणि अ‍ॅशची खालची फांदी हातानं वाकवून बघत बसली. म्हणाली, "हे सगळं जोडीजोडीनं आलंय बघ. डहाळीसुद्धा समोरासमोर. आपल्या प्राजक्ताची येतात तशी. आणि मघाच्या त्या जांभळ्या फुलांची पण अशीच होती."

मी म्हटलं असेल. रात्री सहज बघितलं तर काय, अ‍ॅश, लायलॅक, ऑलिव्ह, मोगरा, जाई, जुई आणि आमच्या संगमेश्वरकडच्या अंगणातला प्राजक्त, सगळे एकाच कुळातले! ऑलिव्हचं कूळ. पुस्तक न उघडता आईनं नुसत्या डहाळीवरून भाऊबंद ओळखले होते. इथे शाळेतल्या मुलांना शिकवतात की समोरासमोर फांद्या दिसल्या तर झाड मेपल, अ‍ॅश नाहीतर डॉगवुड, मोठ्या झाडांत तसे फार नसतात, म्हणून हिवाळ्यात पान नसतानाही अ‍ॅश ओळखता येतो. वास मात्र या भावाला कुळातला अजिबात मिळाला नाही. एप्रिलमध्ये पानांच्या आधी बारीक जांभळट झुबके येतात, ते फूल आहे हे सांगावं लागतं, वाऱ्यावर पराग उडवायचे असल्यावर वास कोणासाठी काढणार.

ओळखायच्या खुणा निघाल्याच आहेत तर अजून तीन सांगते, कारण त्या मला आवडतात. एक पान म्हणजे खरं तर सात पानांची काडी असते, कधी पाच, कधी नऊ, एक टोकाला आणि बाकीची जोडीनं, कडुलिंबाला असते तशी पण रुंद, आणि खालून फिकट पांढुरकी, वारा आला की झाड उलटं होऊन दिसतं. जुन्या खोडाची साल चौकटीचौकटीची, हुबेहूब शंकरपाळे कापल्यासारखी. आणि सगळ्यात बारीक खूण डहाळीवर, पान गळून पडतं तिथे जो वण राहतो त्याचा आकार व्हाइट अ‍ॅशमध्ये चंद्रकोरीसारखा, कोर वर उघडी आणि त्या कोरीत पुढच्या वर्षाची कळी बसलेली. ग्रीन अ‍ॅश म्हणून चुलतभाऊ आहे त्याचा वण वरून सपाट. आमच्या मुलीनं लहानपणी त्याला झाडाची टिकली नाव ठेवलं होतं.

आता निगा. मी सुरुवातीला जे जे केलं ते जवळपास सगळं चुकीचं होतं. इकडे लोक झाडाच्या बुंध्याशी मल्च म्हणजे लाकडाचा भुगा-ढलप्या टाकतात, मी उत्साहात इतका टाकला की खोडाभोवती ज्वालामुखीसारखा डोंगर झाला, दिसायला फार व्यवस्थित. बाबांनी बघितलं आणि काही न बोलता खुरपं मागितलं. तासभर बसून सगळा ढीग ओढून बाहेर सारला, खोडापासून वीतभर जागा मोकळी केली, मुळं जिथे खोडातून फाकतात तो भाग उघडा पडला, तिथली साल ओली होऊन मऊ पडायला लागली होती. "आळं करतात, समाधी नाही बांधत," म्हणाले. नारळाला, आंब्याला आयुष्यभर आळी केलेला माणूस. मग तोच भुगा दोन-तीन इंच जाडीचा, लांबवर पसरून टाकला आणि त्याचा दुसरा फायदा असा की गवत कापायचं मशीन खोडाजवळ न्यायची गरजच उरली नाही, नाहीतर नवऱ्यानं त्या गरगर फिरणाऱ्या दोरीच्या ट्रिमरनं साल दोनदा सोलली होती, तो वण अजून आहे. दारातल्या झाडांना किड्यांइतकाच गवताच्या मशीनचा पण त्रास असतो, असं माझं मत होत चाललंय.

बाकी पाणी. मोठ्या अ‍ॅशला एरवी लागत नाही, पण जुलैमध्ये तीन-चार आठवडे पाऊस नसला की नळी सोडायची, जोरात नाही, बारीक धारेनं, तासभर एका जागी, मग जागा बदलायची, आणि खोडाशी नाही तर फांद्यांची सावली जिथे संपते तिकडे. छाटणी थंडीत, झाड झोपेत असताना. बस. खत वगैरे मी कधी घातलं नाही, लॉनला घालतात त्यातलं त्याला मिळतच असणार.

हे एवढंच असतं तर हा लेख लिहिलाच नसता.

एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा आहे. अर्धा इंच लांब, चकचकीत हिरवा, हातावर बसला तर दागिना वाटेल इतका देखणा. मूळचा पूर्व आशियातला. तिकडच्या अ‍ॅशची आणि त्याची हजारो वर्षांची ओळख, तिकडची झाडं त्याला पुरून उरतात. २००२ मध्ये तो डेट्रॉइटजवळ सापडला, बहुतेक मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असणार, आणि इकडच्या अ‍ॅशला त्याची काहीच तोंडओळख नव्हती. तेव्हापासून अमेरिका-कॅनडात कोट्यवधी झाडं गेली. मॅडिसनमध्ये तो २०१३ मध्ये मिळाला. म्हणजे आम्ही घर घेतलं त्याच्या एक वर्ष आधी. विकणाऱ्याला माहीत होतं की नाही कोण जाणे, आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी त्या दिवशी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

समोर राहणारे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, ते म्हणाले की या रस्त्यावर पूर्वी दोन्ही बाजूंनी एल्म होते, कमान व्हायची. मग डच एल्म रोग आला आणि सगळे गेले. मग म्युनिसिपालिटीनं काय केलं, तर सगळीकडे अ‍ॅश लावले! भराभर वाढतो, काटक, थंडी सोसतो, रस्त्यावरचं मीठ सोसतो, शरदात रंग देतो. एका जातीची रांग गेली म्हणून दुसऱ्या एका जातीची रांग. आजोबा हे सांगताना हसत होते, मला काही हसू आलं नाही.

बाबांना किड्याचं सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "भिरूड." कोकणात आंब्याला, नारळाला लागतो तो. त्याचा इलाज त्यांच्या हातचा, खोडाला भोक दिसलं की लांब तार घालून अळी ओढून काढायची, आत रॉकेलचा नाहीतर औषधाचा बोळा कोंबायचा, वरून चिखलानं लिंपून टाकायचं. खरोखर तार शोधायला लागले गॅरेजमध्ये. त्यांना समजावून सांगताना मला स्वतःला नीट समजलं की हा किडा का वेगळा आहे. आंब्यातला भिरूड खोडात खोल जातो, एक मोठं भोक, एक जाडजूड अळी, तिला गाठता येतं. हा खोल जातच नाही. सालीच्या लगेच खाली जो पातळ थर असतो, ज्यातून झाडाचं अन्न खाली जातं, तेवढ्यातच फिरतो, आणि एकटा नसतो, शेकड्यानं असतात. बाहेरून वर्ष-दोन वर्षं काहीच दिसत नाही. भोक दिसतं ते किडा बाहेर निघून गेल्यावरचं, तांदळाच्या दाण्याएवढं, एक बाजू सपाट आणि एक गोल, इंग्रजी डी अक्षरासारखं. तोपर्यंत शेंडा वाळायला लागलेला असतो, खाली बुंध्याकडून नको तितके धुमारे फुटतात, सुतारपक्षी अळ्यांसाठी वरची साल सोलून काढतात आणि खोड लांबून पांढरंफटक दिसतं. मग तार घालून काय करणार.

आजोबांचं झाड २०१७ मध्ये पाडलं त्याचा एक ओंडका मी बघायला मागितला. साल हातानं अख्खी निघून आली, सुटी पापुद्र्यासारखी, आणि खालच्या लाकडावर सगळीकडे वळणावळणाच्या खाचा, एकीला लागून दुसरी, कुठेही न उचललेल्या लेखणीच्या. मोडी लिपीचा कागद बघितला असेल तर तसं. इतकं सुंदर दिसत होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. बाबांना तोवर लाकूडच आवडलं होतं, सरळ रेषा, लवचीक, कुऱ्हाडीला दांडा काय होईल म्हणत होते, आणि चूक नव्हतेच, बेसबॉलच्या बॅटी कित्येक वर्षं या लाकडाच्या होत होत्या. एक तुकडा देवरूखला न्यायचा म्हणून बाजूला काढून ठेवला होता त्यांनी. नाही म्हणून सांगावं लागलं, कारण हा किडा स्वतः उडून जेवढा पसरला त्याहून लांब जळाऊ लाकडाच्या गाड्यांतून गेला, कॅम्पिंगला जाणाऱ्या लोकांनी आपल्या घरचं सरपण नेलं आणि नवं गाव लावलं. बाबा चिडले, पण तुकडा परत ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायची राहून जाते नेहमी. आम्ही दारातल्या शोभेच्या झाडाचं दुःख करतोय, पण ब्लॅक अ‍ॅश म्हणून दलदलीत वाढणारा तिसरा भाऊ आहे, त्याच्यावर इथल्या मूळ रहिवासी हो-चंक, मेनॉमिनी, ओजिब्वे लोकांचं टोपल्या विणायचं काम चालतं. ओंडका भिजवून मोगरीनं बडवत जायचं, म्हणजे एकेका वर्षाची वाढ एकेक पट्टी होऊन सुटते, कापावी लागत नाही, आणि त्या पट्ट्यांची टोपली. आपल्याकडचा बुरूड बांबूच्या पट्ट्या काढतो त्याच्या जवळचं, फक्त इथे झाडाची वर्षंच सुटी करून विणतात. तोही अ‍ॅश याच किड्यानं चाललाय, आणि दलदलीतल्या रानाला एकेक करून किड्यावरच्या औषधाचं इंजेक्शन देणं कोणाला शक्य आहे.

आम्ही मात्र दिलं. २०१६ च्या मे अखेरीस पहिलं. डॉक्टर आला, जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप लावून जाडी मोजली, सोळा इंच. औषधाचा हिशेब इंचावर असतो आणि बिलाचाही, आमच्याकडे इंचाला बारा डॉलर पडले, म्हणजे एकशे ब्याण्णव. एमामेक्टिन बेंझोएट असं औषधाचं नाव. बाबांनी आळं करून मोकळा ठेवलेला तोच भाग, मुळं फाकतात तिथे, चारी बाजूंनी वीतवीतभर अंतरावर ड्रिलनं लहान भोकं पाडली, प्रत्येकात प्लॅस्टिकचं बूच ठोकलं आणि नळ्या जोडल्या. बाबा खुर्ची घेऊन शेजारीच. "सलाईन लावलंय," म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याला सलाईनच म्हणतात. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यायला सांगितलेलं होतं, कारण औषध वर चढवतं ते झाडच, पानं उन्हात पाणी ओढतात आणि त्याबरोबर ते जातं. कोरडं झाड, ढगाळ दिवस असला की ताटकळत बसावं लागतं. आमचं तासाभरात प्यायलं. एकदा दिलं की दोन वर्षं पुरतं, कोणी तीनही म्हणतात, आम्ही दोनच धरतो. जमिनीत ओतायचं दुसरं औषध मिळतं, ते घरच्या घरी दरवर्षी करता येतं, पण झाड जाडजूड असेल तर त्याचा भरवसा कमी.

त्यानं एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली होती, की झाडाचा एक तृतीयांश माथा आधीच वाळला असता तर मी आलोच नसतो. झाडाच्या आतल्या नळ्याच तुटल्या असतील तर औषध चढणार कुठून. शेजारच्या गल्लीतल्या एका मराठी कुटुंबानं दोन वर्षं विचार केला आणि मग फोन केला, त्यांना नाहीच म्हणाला.

बरोबर करतोय का आपण, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. अ‍ॅशवर वाऱ्यानं परागीभवन होतं त्यामुळे मधमाश्यांचा संबंध कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि पान खाणारे साधे निरुपद्रवी किडेही त्यात जात असणारच. नवरा म्हणतो याच पैशात चार नवी झाडं लागतील. लागतील. पण चार काठ्या लागतील आणि सावली पंधरा वर्षांनी. जानेवारी २०१९ मध्ये ते पोलर व्होर्टेक्स आलं, पारा उणे तिशीच्या खाली, नाकातला श्वास गोठत होता, तेव्हा इथे सगळे एकमेकांना सांगत होते की निदान तो किडा तरी मरेल. थोडे मेले असतील. सालीखाली पांघरूण घेऊन बसलेले बाकीचे उन्हाळ्यात हजर झाले. आमच्या रस्त्यावर सात अ‍ॅश होते, आता एक आहे.

२०२१ मध्ये आम्ही शेवटी मागच्या कोपऱ्यात केंटकी कॉफी ट्री लावलं, शेंगांचं झाड, आपल्या बहाव्या-गुलमोहराच्या गोतातलं, पान बघितलं की पटतं. डॉक्टरनंच सुचवलं होतं, म्हणाला या गल्लीत ते कोणाकडे नाही, म्हणून लाव. हिवाळ्यात ते खरंच रोवलेल्या काठीसारखं दिसतं. बाबांनी व्हिडिओ कॉलवर बघून त्याचं आळं पास केलं. आईनं विचारलं की याची पानं जोडीनं येतात का. नाही येत.

आज अकरा मे. गल्लीतले मेपल हिरवे होऊन दोन आठवडे झाले, लायलॅक उमलायला लागलेत, आणि आमचा अ‍ॅश अजून खराट्यासारखा उभा आहे. तो दरवर्षी असाच सगळ्यात शेवटी उठतो आणि दरवर्षी मी घाबरते, मागच्या मेमध्ये पण घाबरले होते. सकाळी शिडी लावून हाताला येईल तेवढी डहाळी धरली आणि नखानं जरा साल खरवडली. आत हिरवं, ओलं. चंद्रकोरीतली कळी पण फुगलीये. हे सलाईनचं वर्ष आहे, डॉक्टर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणाला, आदल्या दिवशी पाणी घालून ठेवा. नळीचा वॉशर गेलाय, तो आणायला पाहिजे.